समुद्रावरच्या बोटभर लाटा मोजायला कॅमेरा का लागतो? आणि चक्रीवादळाच्या अंदाजाशी त्याचा काय संबंध?

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की आपल्या फोनवर रंगीत नकाशे फिरायला लागतात. निळा, पिवळा, लाल, मधोमध गरगरणारे बाण आणि खाली वाऱ्याचा वेग, ताशी इतके किलोमीटर. आपण तो बघतो, फॅमिली ग्रुपवर पाठवतो आणि कामाला लागतो. पण किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटर आत हवामान केंद्र नाही, खांब नाही, माणूस नाही. मग तिथला वारा मोजला कुणी?

बराचसा वारा उपग्रह मोजतात. गंमत अशी की उपग्रहाला वारा दिसतच नाही. त्याला दिसतात ते वाऱ्याने पाण्याच्या पाठीवर उठवलेले बारीक तरंग. केवढे बारीक? दोन तरंगांच्या माथ्यांमधलं अंतर साधारण दीड सेंटीमीटर. सातशे किलोमीटरहून जास्त उंचीवरचा उपग्रह तुमच्या बोटाच्या पेराहून लहान लाटांचा माग काढतो आणि त्यावरून कुठे किती वारा आहे ते सांगतो.

या बोटभर लाटा पुन्हा चर्चेत येण्याचं कारण २०२५ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञानपत्रिकेत आलेलं एक संशोधन. जर्मनीतल्या हेल्महोल्ट्झ-झेंट्रुम हेरेऑन या संस्थेच्या नेतृत्वाखालच्या गटाने प्रशांत महासागरात, अगदी पाण्यालगतच्या हवेचा प्रवाह लेझर आणि कॅमेऱ्याने टिपला. वारा लाटेला नेमकं कसं ढकलतो, हे खुल्या समुद्रात एवढ्या बारकाईने पहिल्यांदाच दिसलं. पण ही मोजणी ज्या तरंगत्या प्रयोगशाळेवरून झाली ती अमेरिकेने २०२३ मध्येच निवृत्त केली होती. ती थेट भंगारातच निघाली होती.

म्हणजे अंदाज जितके अचूक हवेत, तितकी या लाटांची मोजणी जास्त हवी; आणि ती करण्याच्या जागा मात्र कमी होत चालल्या आहेत. हे प्रकरण काय आहे ते नीट बघू.

उपग्रहाला नेमकं काय दिसतं?

इस्रोचा ओशनसॅट-२ हा उपग्रह २३ सप्टेंबर २००९ ला गेला. त्यानंतर २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि २६ नोव्हेंबर २०२२ ला श्रीहरिकोटाहून इओएस-०६, म्हणजेच ओशनसॅट-३. या तिन्हींवर स्कॅटरोमीटर नावाचं रडार आहे. ते समुद्राकडे तिरक्या कोनातून सूक्ष्मलहरी सोडतं आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतं.

समुद्र आरशासारखा गुळगुळीत असेल तर तिरक्या आलेल्या लहरी पुढच्या पुढे निघून जातील, उपग्रहाकडे काहीच परत येणार नाही. पाण्यावर तरंग असतील तर थोडा भाग मागे फिरतो. त्यातही जास्त प्रतिसाद ठराविक लांबीच्या तरंगांकडूनच मिळतो, कारण त्यांच्या एकामागच्या एक माथ्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून जोरदार होतात. भौतिकशास्त्रात याला ब्रॅग प्रकीर्णन म्हणतात. आपल्या स्कॅटरोमीटरची लहर साधारण २.२ सेंटीमीटरची आहे आणि ती पन्नास-पंचावन्न अंशांच्या कोनातून पाण्यावर पडते. हिशोब केला तर तिला साथ देणारा तरंग दीड सेंटीमीटरच्या आसपास निघतो.

१.७ सेंटीमीटरहून लहान तरंगांवर गुरुत्वाकर्षणापेक्षा पाण्याच्या पृष्ठताणाची सत्ता जास्त चालते. पेल्यातल्या पाण्यावर फुंकर मारली की उठतात ते हेच. ते वाऱ्याला चटकन प्रतिसाद देतात आणि वारा थांबला की लगेच विरतात. म्हणूनच ते 'आत्ता, इथे' किती वारा आहे याची खूण म्हणून उपयोगी पडतात. मोठी लाट हजार किलोमीटरवरच्या वादळातून आलेली असू शकते, तिच्यावरून इथल्या वाऱ्याचा पत्ता लागत नाही.

अडचण पुढे आहे. प्रतिध्वनी किती आला म्हणजे वारा किती, हे सांगणारं सूत्र मुख्यतः अनुभवातून बांधलेलं आहे. समुद्रातल्या बोयांवर मोजलेला वारा आणि त्याच वेळी उपग्रहाला आलेला प्रतिध्वनी यांच्या हजारो जोड्या लावून ते बसवलं जातं. मधला दुवा म्हणजे ते तरंग. त्यांच्यावर तेलकट थर आला, पाऊस पडला, खालून जोराचा प्रवाह आला तर वारा तोच राहून तरंग बदलतात. उपग्रह बिचारा प्रामाणिकपणे चुकीचा आकडा देतो.

मग बोयानेच का नाही मोजत?

हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे लाटा मोजणारे बोये आपल्या किनाऱ्यालगतही आहेत. उंच लाटांचे जे इशारे मच्छीमारांपर्यंत पोहोचतात त्यामागे त्यांची आकडेवारी असते. पण बोया लाटेबरोबर वरखाली होऊन मोजतो. जवळपास मीटरभर व्यासाचा गोळा दीड सेंटीमीटरच्या तरंगावर वरखाली होणार कसा? ट्रक चालवत रस्त्यावरची खडी मोजण्यासारखं आहे ते.

पाण्यात बारीक तार बुडवूनही मोजता येतं, आणि बरीच वर्षं तसं केलंही गेलं. पण तारेभोवती पाणी चढतं, पृष्ठताणामुळे तिथलाच तरंग बिघडतो. शिवाय एका तारेवरून एकाच बिंदूचं कळतं. जी गोष्ट हात लावला की बदलते ती हात न लावताच मोजावी लागते. म्हणून प्रकाश, म्हणून कॅमेरा.

तसं पाहिलं तर डोळा हाच इथला पहिला कॅमेरा. दर्यावर्दी लोक शेकडो वर्षं पाणी बघून वारा ओळखत आले. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याचे क्रमांक ठरवले आणि पुढे विसाव्या शतकात प्रत्येक क्रमांकासमोर समुद्र कसा दिसतो त्याचं वर्णन आलं. माशाच्या खवल्यांसारखे तरंग दिसले की क्रमांक एक. उपग्रह आज करतो ते मुळात हेच काम आहे.

बॉम्बफेकी विमान आणि गाडीचं जळकं तेल

१९५१ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक हवाईजवळ गेले. मंक हे नाव लक्षात ठेवण्यासारखं. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवताना लाटा किती असतील याचा अंदाज बांधण्याची पद्धत हॅराल्ड स्वेरड्रुप आणि त्यांनी मिळून तयार केली होती. २०१९ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी ते गेले.

या दोघांनी बी-१७ जातीच्या बॉम्बफेकी विमानातून समुद्राचे फोटो काढले. फोटो कशाचे, तर पाण्यावर चमचमणाऱ्या उन्हाचे.

मरीन ड्राइव्हवर किंवा रत्नागिरीच्या मांडवी जेट्टीवर सूर्य कलताना पाण्यावर जो चकाकता पट्टा दिसतो, तोच. त्यातला प्रत्येक लुकलुकणारा ठिपका म्हणजे एक छोटा आरसा, सूर्याचा किरण बरोबर तुमच्या डोळ्यात पाठवण्याइतकाच कललेला. पाणी सपाट असेल तर सूर्याचं एकच प्रतिबिंब दिसेल. पाणी जितकं खडबडीत, तितके दूरदूरचे आरसेही योग्य कोनात कलतील आणि चकाकणारा भाग तितका पसरेल. सूर्य कुठे आहे आणि कॅमेरा कुठे आहे हे माहीत असलं की फोटोतल्या प्रत्येक जागी चमकायला पाणी किती कललेलं हवं हे भूमितीने निघतं. मग तिथला उजेड मोजायचा. उजेड जास्त म्हणजे तेवढ्या उताराचे आरसे जास्त.

त्याच वेळी खाली एका बोटीवरून वारा मोजला जात होता. दोन्ही जुळवल्यावर एक साधं सूत्र मिळालं. उतारांच्या वर्गाची सरासरी वाऱ्याच्या वेगासोबत सरळ रेषेत वाढते. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वाऱ्याला या सूत्राने पाण्याचा सरासरी उतार साधारण १३ अंश निघतो. १३ अंश म्हणजे बऱ्यापैकी चढ, आणि समुद्राचा पृष्ठभाग असा चढ-उतारांनी भरलेला असतो. त्यातला मोठा वाटा उंच लाटांचा नसून बारक्या तरंगांचा आहे.

हे त्यांना कसं कळलं? त्यांनी समुद्रावर तेल ओतलं. गाडीच्या इंजिनातलं वापरलेलं तेल, डिझेल आणि माशाचं तेल यांचं मिश्रण. (आज कुठल्याही पर्यावरण समितीने असला प्रयोग दारातूनच परत पाठवला असता, आणि योग्यच केलं असतं.) तेलाच्या थराखाली फूटभराहून लहान लाटा जवळपास नाहीशा झाल्या आणि तो उताराचा आकडा दोन ते तीन पटींनी खाली आला. मोठ्या लाटा होत्या तशाच होत्या.

१९५४ मध्ये छापून आलेलं हे सूत्र अजून कामावर आहे. समुद्राचा रंग मोजणाऱ्या उपग्रहांना चकाकी नको असते, कारण तिच्यात पाण्याचा खरा रंग हरवतो. चकाकी कुठे आणि किती असेल याचा हिशोब करताना आजही कॉक्स-मंक यांचं सूत्र वापरतात. आपल्या ओशनसॅटवरचा रंग मोजणारा कॅमेरा तर चकाकी चुकवायला पुढे-मागे कलवता येतो.

पण त्यांच्या मोजणीतला सगळ्यात जोराचा वारा सेकंदाला १४ मीटरच्या आसपास होता. ताशी सुमारे ५० किलोमीटर. आपल्या हवामान विभागाच्या व्याख्येत चक्रीवादळ सुरू होतं ताशी ६२ ला. म्हणजे पाऊण शतक जुनं ते सूत्र जिथे संपतं, तिथून आपली काळजी सुरू होते.

शिवाय चकाकीवरून फक्त सरासरी कळते. कुठला तरंग कुठे होता, किती लांबीचा होता, मोठ्या लाटेच्या पुढच्या अंगाला होता की मागच्या, हे कळत नाही. आणि रडारचं कोडं सोडवायला नेमकं तेच हवं आहे.

दोन डोळे पुरत नाहीत

मग दोन कॅमेरे लावून, आपल्या दोन डोळ्यांसारखी खोली मोजता येत नाही का? येते. इटलीत व्हेनिसजवळच्या समुद्रात 'अक्वा आल्ता' नावाचा संशोधन फलाट आहे. तिथे अशा जोडकॅमेऱ्यांनी लाटांचं त्रिमितीय चित्र काढतात आणि त्यासाठीचं 'वास' नावाचं सॉफ्टवेअर त्यांनी जगाला फुकट देऊन टाकलंय. मीटर-दीड मीटरच्या लाटांना ही पद्धत छान चालते.

बारीक तरंगांना मात्र नाही. जोडकॅमेऱ्यांना दोन्ही फोटोंत तोच ठिपका ओळखता यावा लागतो. भिंतीवर डाग असतो, झाडाला पान असतं. पाण्याला स्वतःचा डाग नाही, ते आकाश दाखवतं. डावीकडच्या कॅमेऱ्याला त्यात आकाशाचा एक तुकडा दिसतो, उजवीकडच्याला दुसरा. जुळवायचं काय?

जर्मनीत हायडेलबर्गला बर्न्ड येने यांच्या गटाने वेगळा मार्ग काढला. टाकीच्या तळातून रंगीत उजेड सोडायचा. पाण्याच्या उताराप्रमाणे किरण वाकतात आणि वरच्या कॅमेऱ्याला प्रत्येक जागी दिसणाऱ्या रंगावरून तिथला उतार कळतो. प्रयोगशाळेत ही पद्धत फार सुंदर चालते. भर समुद्रात पाण्याखाली दिव्यांची चौकट धरून ठेवणं म्हणजे वेगळीच डोकेदुखी.

गॉगलवाली युक्ती

मासेमारीला किंवा ड्रायव्हिंगला वापरतात तो पोलराइज्ड गॉगल आठवा. तो घातला की पाण्यावरची चमक कमी होते आणि खालचा मासा दिसतो. कारण पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश बऱ्याच अंशी एकाच दिशेने कंप पावतो, आणि गॉगलची काच ती दिशा अडवते.

आता मान तिरकी करून बघा. चमक कमी-जास्त होते. या कमी-जास्त होण्यात पाण्याच्या उताराची माहिती दडलेली आहे. प्रकाश किती प्रमाणात एकदिश झालाय हे तो पाण्यावर कुठल्या कोनातून आदळला यावर ठरतं. सरळ वरून आला तर अजिबात नाही, ५३ अंशांच्या आसपास आला तर जवळपास पूर्ण. आणि तो कुठल्या दिशेने कंप पावतोय हे पाणी कुठल्या बाजूला कललंय यावर ठरतं. किती कललंय आणि कुठे कललंय, ही दोन उत्तरं मिळाली की उतार मिळाला. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला, एका सेकंदात कितीतरी वेळा, पाण्याला हातही न लावता.

अमेरिकेतले ख्रिस्तोफर झाप्पा, ऑस्ट्रेलियातले मायकेल बॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ही पद्धत लघुलाटांसाठी मांडली. एकाच दृश्याचे, वेगवेगळ्या कोनांत गाळण्या लावलेले फोटो एकाच क्षणी घ्यायचे आणि संगणकाला हिशोब करू द्यायचा. मिलीमीटरमध्ये मोजावेत असे तरंगही या पद्धतीत दिसतात, आणि ते मोठ्या लाटेच्या कुठल्या अंगावर स्वार आहेत हेसुद्धा.

तेव्हा यासाठी खास बांधलेला महागडा कॅमेरा लागायचा. २०१८ च्या सुमारास सोनीने असा सेन्सर बाजारात आणला ज्यात प्रत्येक ठिपक्यावरच चारपैकी एका कोनातली सूक्ष्म जाळी बसवलेली असते. तो मुळात कारखान्यांत काचेवरचे ओरखडे वगैरे शोधायला बनला. समुद्रवाल्यांची त्यात चांदी झाली.

पद्धतीला मर्यादा आहेतच. आकाश एकसारखं ढगाळ असेल तर उत्तम. स्वच्छ निळं आकाश स्वतःच अर्धवट एकदिश प्रकाश पाठवतं आणि हिशोबात घोळ घालतं. पाण्याच्या आतून वर येणारा हिरवट उजेडही मिसळतो. लाट फुटून फेस आला की आरसाच उरत नाही. रात्री तर प्रश्नच मिटला.

उभं राहणारं जहाज

कॅमेरा मिळाला, पण तो ठेवायचा कशावर? जहाजावर ठेवला तर जहाज डोलतं आणि स्वतःच पाणी ढवळतं. जे मोजायचं तेच बिघडतं.

यावर अमेरिकेने १९६२ मध्येच एक भन्नाट उत्तर तयार केलं होतं. त्याचं नाव फ्लिप. १०८ मीटर लांब, स्वतःचं इंजिन नसलेलं, ओढून न्यावं लागणारं यान. ठरलेल्या जागी पोहोचलं की मागच्या टाक्यांत पाणी भरायचं. शेपटी बुडत जाते, नाक आकाशाकडे जातं आणि अर्ध्या तासाच्या आत अख्खं यान उभं राहतं. सुमारे ९० मीटर पाण्याखाली, फक्त १७ मीटर वर. आत काही खोल्यांत बेसिनसुद्धा दोन, एक आडव्या स्थितीसाठी आणि एक उभ्या. एवढा भाग शांत खोल पाण्यात असल्यामुळे वरच्या लाटांनी ते फारसं हलत नाही. त्याच्या बाहेर आलेल्या दांड्यांवर उपकरणं टांगली की यानाच्या सावलीपासून दूर, अस्पर्श पाणी मिळतं.

गॉगलवाली पद्धत २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बराजवळ आणि २००९ मध्ये हवाईच्या दक्षिणेला खुल्या समुद्रात वापरली गेली ती याच फ्लिपवरून. आणि सुरुवातीला सांगितलेलं लेझरचं कामही याच्यावरच झालं. त्यात हवेत धुक्यासारखे बारीक थेंब सोडून त्यांवर लेझरचा पातळ पडदा टाकतात आणि लागोपाठच्या फोटोंत थेंब किती सरकले यावरून हवेचा वेग काढतात. त्यात दिसलं असं की दोन गोष्टी एकाच वेळी चालू असतात. मीटरभर लांबीच्या लाटा वाऱ्यापेक्षा हळू चालतात, त्यांच्या माथ्यावरून गेलेली हवा पलीकडे लाटेला सोडून सुटते आणि दाबातल्या फरकामुळे लाटेला ऊर्जा मिळते. शंभर मीटरपर्यंतच्या लांब लाटा मात्र वाऱ्यालाही मागे टाकतात आणि त्यांच्यावरची हवा वेगळ्याच तऱ्हेने हलते. लहान-मोठ्या लाटा मिसळलेल्या असताना हे दोन्ही एकत्र कसं चालतं, हे याआधी बहुतेक गणितातच होतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये फ्लिप निवृत्त झालं आणि तोडकामासाठी ओढून नेलं गेलं. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या डीप नावाच्या खासगी कंपनीने ते भंगारातून सोडवलं आणि दुरुस्तीसाठी फ्रान्सकडे नेलं. भंगारापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण सहा दशकं सरकारी पैशावर, विद्यापीठांसाठी चाललेलं साधन आता एका कंपनीच्या योजनेवर अवलंबून आहे, ही गोष्ट छोटी नाही.

चक्रीवादळात गणित कुठे अडतं?

चक्रीवादळ समुद्राकडून उष्णता आणि बाष्प घेतं, आणि समुद्रावर घासून ऊर्जा गमावतं. मिळकत आणि खर्च. केरी इमॅन्युएल यांनी १९९५ मध्ये दाखवलं की वादळ किती तीव्र होणार हे या दोन्हींच्या प्रमाणावर अवलंबून असतं. आणि खर्चाची बाजू, म्हणजे घर्षण, पृष्ठभाग किती खडबडीत आहे त्यावर ठरतं.

पूर्वी मानायचे की वारा वाढेल तसं पाणी खडबडीत होत जाणार आणि घर्षणाचं प्रमाण वाढतच राहणार. २००३ मध्ये मार्क पॉवेल आणि सहकाऱ्यांनी वादळांत विमानातून सोडलेल्या उपकरणांच्या तीनशेहून अधिक नोंदी तपासल्या. सेकंदाला ३३ मीटरच्या पुढे, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास, घर्षणाचं प्रमाण वाढायचं थांबतं, किंबहुना कमी होऊ लागतं असं दिसलं. फेस आणि तुषारांचा थर पाण्याला जणू गुळगुळीत करतो, हवा लाटांच्या खाचांत न शिरता वरून निघून जाते, अशी स्पष्टीकरणं आहेत. नेमकं कुठलं किती खरं, यावर वाद चालू आहे.

याच टप्प्यावर रडारही दमतं. वारा खूप वाढला की प्रतिध्वनी त्या प्रमाणात वाढत नाही, आणि आपल्या स्कॅटरोमीटरच्या लहरींना जोरदार पाऊसही त्रास देतो. म्हणजे वादळ जिथे सगळ्यात भयानक, तिथेच मोजणी सगळ्यात कच्ची.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा हवामान विभागाने नोंदवलेला वारा ताशी १०० ते ११० आणि झोत १२० किलोमीटरपर्यंतचे होते. बरोबर त्याच उंबरठ्यावर. वादळ कुठे जाणार याचे अंदाज गेल्या काही दशकांत खूप सुधारलेत. ते किती जोर धरणार याचे अंदाज त्यामानाने मागे आहेत, त्यामागे अनेक कारणं आहेत आणि हे पाण्याच्या पाठीवरचं कोडं त्यातलं एक.

पण एवढ्यावरून 'लाटा नीट मोजल्या की जीव वाचतात' असं सरळ गणित मांडणं मला पटत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावरचे सत्तरहून अधिक कामगार गेले. तेव्हा हवामान विभागाचा इशारा आधीच आलेला होता. उपग्रहाने आपलं काम केलं होतं, जहाजाला सुरक्षित जागी नेण्याचं काम माणसांचं होतं.

आणि कार्बनचा हिशोब

माणूस दरवर्षी जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र पोटात घेतो. तो आत शिरतो पाण्याच्या सगळ्यात वरच्या केसाएवढ्या थरातून, आणि हा थर ढवळतात हे बारीक तरंगच. सध्याचे जागतिक हिशोब सोय म्हणून फक्त वाऱ्याच्या वेगावर बसवलेत. शेवाळ किंवा तेलाचा थर असलेल्या पाण्यावर तोच वारा कमी तरंग उठवतो, म्हणजे वायूही कमी शिरतो. हवामानबदलाच्या करारांमधल्या आकड्यांना या तरंगांचा आधार आहे, हे फारसं कुणी बोलत नाही.

आता पुढे काय?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने आपल्या हवामान उपग्रहांवरच्या एसएसएमआयएस या उपकरणाची माहिती देणं महिनाअखेरीस बंद करणार असं अचानक जाहीर केलं. रात्रीच्या अंधारात वादळाची आतली रचना बघायला जगभरचे अंदाजकर्ते ती वापरतात. समुद्रावरचे तरंग आणि फेस यांवरून वाराही त्यातून काढता येतो. ओरड झाल्यावर मुदत आधी महिनाभर वाढली, मग सप्टेंबर २०२६ पर्यंत सेवा चालू ठेवू असं सांगितलं गेलं. दुसऱ्याच्या उपग्रहावर विसंबण्याचा धोका काय असतो हे त्या एका महिन्यात सगळ्यांना कळलं.

भारताची बाजू इथे बरी आहे. स्कॅटरोमीटर आपला आहे आणि इतर देशांच्या हवामान संस्थाही त्याची माहिती वापरतात. पण उपग्रह वर असणं वेगळं आणि त्याच्या आकड्यामागचं पाणी जवळून बघणं वेगळं. कॅलिफोर्निया, हवाई किंवा व्हेनिसच्या पाण्यात बसवलेली समज अरबी समुद्राच्या मान्सूनला जशीच्या तशी लागू होईल, असं गृहीत धरायला माझी तयारी नाही. आपलं पाणी जास्त गरम, पाऊस जास्त जोराचा, आणि जून ते सप्टेंबर वारा एकाच दिशेने सतत वाहणारा.

यासाठी फ्लिपसारखं यानच हवं असंही नाही. मुंबईच्या पश्चिमेला तेल-वायूचे फलाट दशकानुदशकं समुद्रात पाय रोवून उभे आहेत. फलाटाचे खांब स्वतः थोडं पाणी बिघडवतात, पण व्हेनिसवाल्यांनी त्यातून वाट काढलीच आहे. कॅमेरे आता आवाक्यात आले आहेत, मोठ्या लाटांसाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. मान्सूनमधलं एकसारखं राखाडी आकाश, ज्याला फोटोग्राफर शिव्या घालतात, ते गॉगलवाल्या पद्धतीला हवंहवंसं. अडचण एकच, त्याच आकाशातून पाऊसही पडतो. प्रत्येक थेंब पाण्यावर स्वतःची गोल वलयं उठवतो, ती नेमकी रडारला दिसणाऱ्या मापाची असतात, आणि त्यातलं वाऱ्याचं किती नि पावसाचं किती हे वेगळं काढायचं काम अजून बाकी आहे.